सेनापती वेईचा अडसर

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी, माझी तक्रार नाही. पण जिच्यावर हे गुदरलं ती जुलेखाखाला, माझ्या आईची सख्खी मोठी बहीण, उभ्या आयुष्यात खोटं बोलली नाही. खरं तोंडावर बोलायच्या खोडीपायीच अर्ध्या गावाशी तिचं वाकडं होतं.

साल १९६३. महिना ऑगस्ट. जागा शारजा.

आणि वेळ रात्रीची नाही...

भर दुपारची.

आज शारजातल्या अल मजाज भागात खाडीकाठी टॉवर उभे आहेत. तेव्हा तिथे वाळू होती, खजुराच्या झापांच्या झोपड्या होत्या आणि सुकत घातलेली मासळी. वीज नाही. पिण्याचं पाणी गाढवावरून, डब्यांतून यायचं. ऑगस्टमध्ये दुपार चढली की गल्लीत चिटपाखरू नसायचं. कुत्रीसुद्धा सावलीला मेल्यासारखी पडलेली असायची.

खाला रत्नागिरीकडची. तिचा नवरा खैरुद्दीन एका लाँचवर इंजिन-ड्रायव्हर होता. लाँच हारुनशेठची. हारुनशेठही आपल्याच कोकणातला, पण तिथे त्याचं वजन मोठं. कोकणातून गेलेल्या निम्म्या माणसांची रोजीरोटी त्याच्या हातात होती.

खाला राहायची ते घर मात्र हारुनशेठचं नव्हतं. ते होतं युसुफ हकीमसाबांचं.

हकीमसाब चिनी मुसलमान. त्यांच्या मुलखात राज्य पालटलं तेव्हा जीव घेऊन निघाले, आधी हजला गेले आणि मग फिरत फिरत शारजाला येऊन थडकले. समुद्रातल्या दगडाचं, चुन्याने लिंपलेलं त्यांचं घर वस्तीच्या अगदी टोकाला होतं. एकच दार. खिडक्या हातभर, त्याही गजांच्या. बाहेरच्या खोलीत हकीमसाब राहायचे, आतल्या दोन खोल्यांत खाला आणि खैरुद्दीन. नव्वदीला टेकलेल्या त्या म्हाताऱ्याला खालाने बापासारखं सांभाळलं.

त्यांच्या खोलीत भिंतीवर एक लाकूड टांगलेलं असायचं. दोन-अडीच हात लांब, काळंकुट्ट, दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्या.

"हे काय हो, हकीमसाब?" खालाने एकदा विचारलं.

"अडसर आहे, बेटी," ते मोडक्यातोडक्या उर्दूत म्हणाले. "किल्ल्याच्या दरवाजाचा. सगळा नाही. उरला तेवढा तुकडा."

आणि मग त्यांनी तिला सेनापती वेईची गोष्ट सांगितली.

खूप जुना काळ. इस्लाम यायच्याही आधीचा. वेई हा घोड्यांना खरारा करणाऱ्याचा पोरगा. सैन्यात शिरला, चढत चढत सेनापती झाला. दरबारात त्याला कोणी विचारत नव्हतं, कारण झुकून बोलणं त्याला जमत नव्हतं. म्हणून त्याला पाठवलं दूर वाळवंटाच्या कडेच्या किल्ल्यावर.

एका वर्षी टोळीवाले आले. खोऱ्यातली माणसं बायकापोरांसकट किल्ल्यात शिरली. टोळीवाल्यांचा खान म्हणाला, "ती माणसं आमच्या हवाली करा, आम्ही जातो." बादशहाला लढाई नको होती. त्याने वेईला हुकूम धाडला... देऊन टाक.

वेई म्हणाला, "माझ्या दारात जो आसऱ्याला आला, तो माझा."

वेढा पडला. पाणी तोडलं. शिपायांनी चिलखतांचं चामडं उकळून खाल्लं. दार उघडलं नाही.

शेवटी बादशहाने वेईच्या एकुलत्या एक मुलाला पाठवलं. बापाला समजवायला. मुलगा दरवाजाबाहेर येऊन उभा राहिला आणि खानाने त्याचा परतीचा रस्ता बंद केला. दार उघडावं तर मागे दबा धरून बसलेली टोळी आत घुसणार. न उघडावं तर...

"नाही उघडलं," हकीमसाब म्हणाले. "बाप अडसराला पाठ लावून बसला. बाहेर मुलगा पाणी मागत होता. आवाज बारीक बारीक होत गेला. मग थांबला."

थंडी पडली तसे टोळीवाले निघून गेले. किल्ल्यातली सगळी माणसं वाचली. वेई आपल्या पायांनी राजधानीला गेला. हुकूम मोडला म्हणून त्याचं डोकं उडवलं. मरताना त्याला विचारलं, "पस्तावा होतो का?" तो म्हणाला, "तेच दार पुन्हा समोर आलं, तर पुन्हा तसाच बसेन."



"आमच्या घराण्यात सांगतात की मी त्याच्या वंशातला," हकीमसाब म्हणाले. "खरं-खोटं अल्लाला ठाऊक. बेटी, तू सांग. तो बरोबर होता?"

खाला पहिल्यांदाच कुणाला तरी उत्तर देऊ शकली नाही.

त्या वर्षीच्या थंडीत हकीमसाब वारले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी खालाचा हात धरला. म्हणाले, "हे घर आता तुझं. हा अडसरही तुझ्याकडे ठेव. पण लावायचा झाला तर विचार करून लाव. हा लावला की तो दार राखायला येतो. राखायचं कसं ते त्याला येतं. उघडायचं कधी... ते नाही येत."

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. खालाने मनावर घेतलं नाही.

आता ऑगस्टची ती दुपार.

खैरुद्दीन लाँचवर होता. खाला चुलीवरचं कालवण उतरवत होती. दारावर थाप पडली. हलकी, घाईची.

बाहेर एक पोरगी. सोळा-सतरा वर्षांची. अनवाणी. तापलेल्या वाळूतून पळत आल्याने तळवे सोललेले. उजव्या हातावर भाजल्याचे चट्टे... नवे आणि जुनेही.

"खाला, मला आत घ्या," ती म्हणाली. "मी जैनब. हारुनशेठच्या घरातून आले."

रायगडकडची होती. "माझ्या पुतण्याशी निकाह लावतो," असं सांगून हारुनशेठने तिला बापाकडून आणली होती. पुतण्या कधी कुणी पाहिलाच नाही. पोरगी मात्र दिवसभर राबत होती, आणि भाकरी करपली की हारुनशेठची बायको तिचा हात तव्यावर ठेवत होती.

खालाने तिला आत ओढलं, दाराला कडी घातली, हाताला तेल लावलं. पोरगी तापाने फणफणलेली होती.

थोड्याच वेळात हारुनशेठ आला. दोन माणसं बरोबर. खाला दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिली.

"जुलेखा, पोरगी बाहेर काढ."

"माझ्याकडे आहे. देणार नाही."

"तिच्या बापाने माझ्या हवाली केलीय."

"बापाने सून म्हणून पाठवलीय, हारुनशेठ. कुठाय तुमचा पुतण्या? आणा त्याला. मी पण बघते एकदा."

मागचा एक माणूस खुदकन हसला. हारुनशेठचं तोंड लाल झालं.

"तुझा नवरा माझ्या लाँचवर आहे, हे विसरू नकोस."

"लाँच तुमची. नवरा माझा."

"जोहरची, दुपारची नमाज होऊ दे," हारुनशेठ दात आवळून म्हणाला. "माणसं घेऊन येतो. दार फोडून नेतो. खलास."

तो गेला. शेजारची हव्वाबी धावत आली. तिचा नवराही हारुनशेठच्याच नोकरीत.

"अगो, देऊन टाक ती पोर. आपण परमुलखात, कुणाच्या जिवावर नाचतेस?"

"हव्वाबी, तुझी पोर असती तर?"

हव्वाबीने पदराने तोंड पुसलं. मग निघून गेली.

खालाने कडीकडे पाहिलं. दोन लाथांत निखळली असती. मग तिची नजर भिंतीवर गेली.

तिने अडसर उतरवला. दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे होते. हकीमसाबांनीच कधीतरी ठोकलेले. लाकूड त्यात बसवलं...

खट्.

आणि सगळं शांत झालं.

म्हणजे किती शांत? खाला सांगायची, आधी शांत झाली शेजारची शेळी. मग गच्चीवरचे कावळे. मग वारा. त्या घराच्या गच्चीवर वारा खाली ओढून घेणारा बुरूज होता, त्यातून चोवीस तास हूं हूं आवाज यायचा. तो थांबला. मध्येच. कुणी हात ठेवून बंद करावा तसा.

मग वास आला...

उकळत्या चामड्याचा.

चुलीवर काहीच नव्हतं.

"खाला," जैनब कुजबुजली, "गच्चीवर कोण चालतंय?"

पावलं होती. एकाची नाही. पुष्कळांची. जड. गच्चीच्या कडेने रांगेत जाऊन थांबली.

नमाजनंतर हारुनशेठ आला. या वेळी सहा-सात माणसं होती. शिव्या, आरडाओरडा. पहिला धक्का बसला. दार हललं नाही. साधं फळकुटाचं दार, पण हिंदकळलंसुद्धा नाही. डोंगराला धडक द्यावी तसा आवाज.

दुसरा धक्का.

आणि मग आतल्या बाजूने... खाला आणि जैनब भिंतीला चिकटून बघत असताना... दारापाशी कुणीतरी उठून उभं राहिलं.

दिसलं काही नाही. ऐकू आलं. चामडं करकरलं. लोखंड लोखंडावर घासलं. आणि एक घोडा फुरफुरला. इथे, खोलीत, त्यांच्यापासून चार पावलांवर.

बाहेरचा आरडाओरडा एकदम थांबला.

थोड्या वेळाने हारुनशेठचा आवाज आला. बदललेला. पोरासारखा बारीक.

"जुलेखा... आत किती माणसं आहेत?"

ते खालालाही ठाऊक नव्हतं.

बाहेरून पळणाऱ्या पावलांचा आवाज आला. एक चप्पल नंतर कित्येक दिवस गल्लीत पडून होती, न्यायला कुणी आलं नाही.

खाला खुदकन हसली. जैनबही हसली. दोघींनी कालवण-भात खाल्ला. खालाने रिकाम्या खोलीकडे बघून सलाम केला. म्हणाली, "सरदारसाब, उपकार झाले."

मग ती अडसर काढायला गेली.

निघेना.

दोन्ही हातांनी ओढला. जैनबने हात लावला. खांद्याने खालून रेटा दिला. लाकूड आकड्यात नुसतं ठेवलेलं होतं, पण जणू भिंतीतूनच उगवलेलं.

दाराजवळ वाकल्यावर खालाला कळलं. कुणीतरी तिथे बसलं होतं. दाराला पाठ लावून. श्वास चालू होता, अगदी सावकाश. आणि तिथली हवा ऑगस्टच्या त्या उन्हाळ्यातही बर्फासारखी गार होती.

ती जिना चढून गच्चीवर गेली. गच्ची रिकामी. समोरच्या गच्चीवर हव्वाबी कपडे गोळा करत होती. खालाने हाका मारल्या. घसा फुटेस्तोवर. हव्वाबीने मान वर केली, सरळ खालाच्या तोंडाकडे पाहिलं... आणि कपडे घेऊन खाली गेली. हव्वाबीने पुढे कुराणावर हात ठेवून सांगितलं, गच्चीवर कुणी नव्हतं आणि आवाजही आला नव्हता.

खाला कठड्यावरून उतरायला गेली, तर छातीवर कुणीतरी हात ठेवून मागे लोटलं. दुखलं नाही. पहारेकरी लोटतो तसं.

हारुनशेठच्या दहशतीने पाणीवालाही गल्लीत फिरकला नाही. जैनबचा ताप उतरेना, तिला सारखं पाणी लागत होतं. रात्र गेली. सकाळ गेली. दुसऱ्या दिवशीची दुपार डोक्यावर आली तेव्हा रांजणाच्या तळाशी पेलाभर पाणी होतं.

आणि तेव्हाच दारावर थाप पडली.

"जुलेखा..."

खैरुद्दीनचा आवाज.

हारुनशेठने सूड उगवला होता. लाँचवर निरोप पोचवून खैरुद्दीनला पार तिकडे, ओसाड किनाऱ्यावर उतरवून दिलं होतं. पाणी नाही, चपला नाहीत. माणूस रात्रभर आणि अर्धा दिवस वाळू तुडवत आला होता.

"जुलेखा... दार उघड... पाणी..."

खालाने अडसरावर झेप घेतली. नखं तुटली. अडसर ढिम्म.

बाहेर काहीतरी धप्पकन दाराला टेकलं आणि खाली घसरलं.

"जुलेखा..." आता आवाज बारीक झाला होता.

खाला सांगायची, त्या क्षणी तिची भीती संपली. इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. ती दारासमोर, त्या गार हवेत, गुडघे टेकून बसली. कुणाच्या तरी तोंडासमोर तोंड आणून बसावं तशी.

"सरदारसाब, उठा."

श्वास तसाच.

"उठा म्हणते ना! हकीमसाबांनी मला विचारलं होतं, तुम्ही बरोबर होता की नाही. तेव्हा मी गप्प बसले. आता सांगते. आसऱ्याला आलेल्यांना दिलं नाहीत, बरोबर केलंत. बादशहाला भ्याला नाहीत, ते पण बरोबर. पण शत्रू जाऊन हजार वर्षं झाली! बाहेर टोळी नाही. बाहेर तहानलेला माणूस आहे."

श्वास थांबला.

"तुझा पोरगा तू मारलास," खाला ओरडली. तुम्हीचं तू कधी झालं तिला कळलंही नाही. "माझ्या नवऱ्याला मारू देणार नाही. तुझा हुकूम तुझ्या किल्ल्यात. हे घर माझं. इथे हुकूम माझा. सरक बाजूला!"

आतून जैनब रडत होती. बाहेरून काहीच ऐकू येत नव्हतं.

आणि मग...

एक सुस्कारा. लांब, तुटलेला. म्हाताऱ्या माणसाचा.

चामडं करकरलं. कुणीतरी जमिनीवर हात टेकून, खूप कष्टाने, उठलं.

खालाने अडसराला हात लावला. काडीसारखा वर आला.

वरच्या बुरुजात वारा हूं करून सुरू झाला. शेळी ओरडली. दार उघडलं आणि खैरुद्दीन उंबऱ्यावर आत कोसळला. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. पण जिवंत.

जैनबने रांजणातलं शेवटचं पाणी आणलं. पेला त्याच्या ओठांना लावला. त्याने दोन घोट घेतले आणि पेला हाताने दूर केला.

"त्या पोराला द्या," तो म्हणाला.

"कुठल्या पोराला?"

"मला घेऊन आला तो. मी तर वाटेतच पडलो होतो. त्याने मला पाठीवर घेतलं. लांब बाह्यांचा अंगरखा होता, केसांचा बुचडा डोक्यावर. त्याचे ओठ माझ्यापेक्षा वाईट. काळे पडलेले. एक शब्द बोलला नाही." खैरुद्दीनने मान वळवून दाराकडे पाहिलं. "इथेच होता. माझ्यामागे. आत घेतलं नाहीस त्याला?"

खैरुद्दीनला सेनापतीची गोष्ट माहीत नव्हती. हकीमसाबांनी ती फक्त खालाला सांगितली होती.

खाला दारात गेली. गल्ली रिकामी. वाळूत पावलं उमटली होती, थेट उंबऱ्यापर्यंत आलेली. एकाच माणसाची. जोड्यांचे ठसे, रुंद आणि सपाट.

खैरुद्दीन अनवाणी होता. त्याचं एकही पाऊल वाळूत नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. हारुनशेठने पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. बाजारात मात्र सांगत सुटला की जुलेखाने घरात फौज ठेवलीय. हव्वाबीला लाज वाटली असावी. जैनबला आगबोटीने गावी पोचवायला ती स्वतः बरोबर गेली. जैनबचं पुढे लग्न झालं, पोरंबाळं झाली. खैरुद्दीनला दुबईला काम मिळालं.

आणि खाला त्याच घरात राहिली. रस्त्यासाठी घर पाडेपर्यंत. लोक म्हणायचे, अगो, भुताचं घर ते, सोड. खाला म्हणायची, "जिवंत माणसाच्या धाकाने सोडलं नाही, मेलेल्याच्या धाकाने सोडू होय?"

मी तिला शेवटचं भेटलो तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. मी धीर करून विचारलं, "खाला, खरं सांग. तो पोरगा आत आला का?"

"बघितलं नाही मी," ती म्हणाली. "खैरुद्दीनने उरवलेलं दोन घोट पाणी पेल्यात होतं, तेवढं उंबऱ्यावर ठेवलं. दार सताड उघडं टाकलं. असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या बांगेपर्यंत. मग बघायला गेले तर पेल्यात पाणी नव्हतं."

मी हसलो. "ऑगस्टची दुपार होती, खाला. आटलं असेल."

तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"पेला धुतलेला होता, बाबा. आणि पालथा घातलेला."

ती खिडकीबाहेर बघू लागली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली...

"एवढ्या वर्षांची तहान त्या पोराची. दोन घोटांत कशी भागली असेल?"